काटा खाली, पाणी वर

बागवान सर गेल्याचा निरोप कॉलेजच्या ग्रुपवर आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. निरोप वाचला, फोन पालथा ठेवला आणि हातातला गठ्ठा संपवला. बेरजा पुन्हा करून पाहिल्या, एकही चुकली नव्हती. रडू आलं नाही. येईल म्हणून दोन दिवस वाट पाहिली, मग कामाला लागले. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले होते, मीही जोडले. पुढे विभागाच्या वार्षिकात सरांवर कुणीतरी लिहायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण ‘मॅडम, तुम्हीच त्यांच्या जवळच्या.’ एक पान लिहून दिलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं आणि कामाचंही नव्हतं. म्हणून हे दुसरं लिहिते आहे, ते वार्षिकात जाणार नाही.

सर बीडचे, फळवाल्यांच्या घरातले. वडिलांचा, म्हणजे अब्बांचा, बाजारात फळांचा गाडा. कॉलेज झाल्यावर नोकरी लागली तरी रविवारी सर गाड्यावर असायचे. विद्यार्थ्यांचे पालक कलिंगड घ्यायला आले की ओशाळायचे, सर ओशाळायचे नाहीत. कलिंगड उचलायचं, कानाजवळ धरायचं, टिचकी मारायची. ‘हे न्हाई, हे घ्या. हे पिकलंय, बोलतंय बगा.’ आमच्या विषयात इमारतीला हातोडीनं हलका ठोका देऊन ती कशी थरथरते ते मोजतात. सरांना ते पुस्तकात वाचायच्या आधी गाड्यावर येत होतं.

ही टिचकीची सवय मग कुठंही सुटायची. खांब, कठडा, बाक, डुलकी घेणाऱ्या मुलाचा ड्रॉइंग बोर्ड. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक चालली होती आणि सरांनी बोलता बोलता त्यांच्या नव्या टेबलावर दोनदा वाजवलं. प्राचार्य दाराकडे बघून म्हणाले, ‘या, आत या.’ कुणीच आलं नाही. सर त्यांच्यासारखेच दाराकडे बघत बसले.

ते शिकवायचे इमारतींची कंपनं. धक्का बसल्यावर इमारत किती वेळ हलत राहते आणि कशानं शांत होते, त्या शांत होण्याला इंग्रजीत डँपिंग म्हणतात. सर त्याला दम म्हणायचे. ‘हलतं ते वाईट न्हाई. हलून थांबत न्हाई ते वाईट. इमारतीत दम पायजे.’ पुस्तकातला शब्द मुलांच्या डोक्यात राहायचा नाही, हा राहायचा. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, ‘वरच्या मजल्याचं हलणं कशानं कमी होतं?’ ती म्हणाली, ‘दम, सर.’ त्यांना वाटलं पोरगी जिने चढून आली आहे. त्यांनी तिच्यासाठी पाणी मागवलं.

ह्या माणसाचा पीएचडीचा विषय होता उंच इमारती. आमच्या जिल्ह्यात चौथा मजला चढवला की लोक विचारतात, एवढं कशाला? आणि सरांना तर उंचीची भीती होती. चेष्टेवारी नेण्यासारखी नाही, खरी. एकदा परिषदेसाठी मुंबईला गेले, उतरायची सोय कुठल्याशा विसाव्या मजल्यावर होती. परत आल्यावर आम्ही विचारलं, वरून काय काय दिसलं? म्हणाले, ‘आमी भिंत बगितली. चांगली हाय.’

विषयाचं मूळ मात्र इथलंच होतं. मी नुकतीच तासिकेवर, म्हणजे तासाच्या पैशांवर, लागले होते तेव्हाची गोष्ट. धारूरहून येताना घाटात आमच्या गाडीपुढं पाण्याचा टँकर होता आणि तो वळणावर विचित्र डुलत होता. खाली टपरीवर तो थांबला तसे सरही थांबले. ड्रायव्हरला चहा पाजला आणि विचारायला बसले.

‘भरलेला असला की गप ऱ्हातो,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘रिकामा असला तरी गप. अर्दा असला की वळनावर मागनं ढुशी देतो, बैलावानी.’

‘मग तुमी काय करता? ब्रेक?’

‘ब्रेक मारला की खड्ड्यात. त्याचं त्याला हलू द्यायचं. पानी एका अंगाला गेलं की आपून दुसऱ्या अंगानं स्टेरिंग सोडायचं, हळू. मग येतंय जाग्यावर.’

सरांनी हे वहीत उतरवून घेतलं. मग त्याच्या केबिनमध्ये बसून घाट पुन्हा चढले आणि उतरले. मी टपरीवर बसून राहिले, माझा तिसरा चहा झाला. पुढं कित्येक वर्षं कंपन नियंत्रणाचा पहिला तास ते ह्याच ड्रायव्हरपासून सुरू करायचे. गणित नंतर यायचं. उंच इमारतीच्या माथ्यावर पाण्याची टाकी ठेवली आणि तिच्यातल्या पाण्याचा हेलकावा इमारतीच्या हेलकाव्याच्या उलट जाईल असा जुळवला, तर पाणी इमारतीला शांत करतं. हे जगाला माहीत आहे. सरांना बघायचं होतं की टाकीतलं पाणी कमीजास्त होत राहिलं तर काय होतं. कारण आमच्याकडे टाकी कधी भरलेली नसते.

उंच इमारत मिळेना, म्हणून त्यांनी उंच टाकी निवडली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. धारूरच्या अलीकडचं गाव, माळावर सिमेंटच्या खांबांवर उभी असलेली पाणीपुरवठ्याची टाकी, बाहेरून गोल जिना. टाकीच्या अंगावर खालपासून वरपर्यंत एक ते दहा आकडे रंगवलेले आणि त्यांच्यावरून दोरीला बांधलेला लोखंडी काटा सरकायचा. काटा ज्या आकड्यावर, तेवढं पाणी. वाऱ्यानं टाकी किंचित हलते, डोळ्याला दिसत नाही, पण वर सेन्सर ठेवला की कळतं. दर दोन महिन्यांनी जायचं, सेन्सर ठेवायचा, काट्याचा आकडा लिहायचा. वर जायचं मी, खाली लॅपटॉप घेऊन लिंबाखाली बसायचं सरांनी.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, ‘मॅडम, रंगवलेल्यावर भरवसा नको. वर गेल्यावर झाकण उघडा, आत पानी किती हाय बगा आन् आकड्याशी जुळतंय का ते सांगा.’

झाकण मी उघडलं नाही. वर वारं लई होतं, ओढणी तोंडावर येत होती, आणि कॉलेजच्या बाई टाकीवर चढल्या म्हणून खाली निम्मं गाव माना वर करून उभं होतं. एकदा ओढून पाहिलं, हललं नाही. दुसऱ्यांदा ओढायला हवं होतं. खाली येऊन मी म्हणाले, ‘बघितलं सर, आकड्याप्रमाणेच आहे.’ एवढे मोठे आकडे कुणी चुकीचे रंगवेल असं मला वाटलं नाही. नोंदवहीत तसं लिहिलं आणि सही केली.

तीन वर्षं आम्ही ती टाकी मोजली आणि त्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघाली. जड वस्तू सावकाश हलते, हलकी भरभर. मग भरलेली टाकी सावकाश हलायला हवी. आमची टाकी भरली की भरभर हलायची आणि रिकामी झाली की सावकाश. सरांनी आधी सेन्सर तपासले, मग तारा, मग गणित. वर्षभर त्यांना झोप धड नव्हती. शेवटी त्यांनी एक उपपत्ती बांधली: पाणी काठोकाठ असलं की त्याला हेलकावायला जागाच उरत नाही, ते भिंतींना आतून आवळून धरतं आणि टाकी ताठ होते. साठ पानांचं गणित होतं. मी तपासलं होतं, त्यात चूक नव्हती. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, बागवान, हे नवीन आहे, हे कुणी सांगितलेलं नाही.

प्रबंध दाखल झाला. नोंदणीची मुदत आधी दोनदा वाढवून झाली होती, ही शेवटची. ह्या वेळी नाही तर कधीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पदोन्नती अडली होती, पण सरांना तिचं फार नव्हतं. अब्बांचं होतं. ऐंशी ओलांडलेले अब्बा गिऱ्हाइकाला सांगायचे, मुलगा डॉक्टर होतोय. लोक विचारायचे कशाचा? ‘बिल्डिंगीचा,’ अब्बा म्हणायचे, आणि पेरू तराजूत टाकायचे.

एका परीक्षकानं सुचवलं की टाकी अगदी रिकामी असतानाचं आणखी एक वाचन जोडावं. तोंडी परीक्षेची तारीख लागली होती. आम्ही गेलो. काटा तळाला, एकवर होता.

‘नशीब,’ सर म्हणाले. ‘रिकामीच हाय. लिवा मॅडम, एक.’

गावात पाणी सोडणारे अंकुशमामा त्या दिवशी तिथं होते. एरवी आम्ही जायचो तेव्हा ते लांब विहिरीच्या पंपावर असायचे, तीन वर्षांत नीट गाठ पडली नव्हती. ते व्हॉल्वची चावी घेऊन उभे होते.

‘रिकामी कशी हो सर? काठोकाठ हाय. आता सोडतोय की गावाला.’

‘काटा खाली हाय.’

‘काटा खाली म्हंजी पानी वर. आत पत्र्याचा डबा तरंगतोय, त्याची दोरी वरनं भाईर आलीय, तिला काटा. डबा वर गेला की काटा खालीच येनार.’

सर बराच वेळ काट्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘आन् हे आकडे?’

‘ते रंगाऱ्यानं काडले. टाकीला नवा रंग दिला तवा. आदीचे उलटे व्हते, वर एक आन् खाली धा. त्याला वाटलं आदीच्यानं चूक केलीय, त्यानं सरळ केले. आमी कुटं आकडे बगतोय, आमी काटा बगतो.’

‘मला सांगितलं कावून न्हाई कुनी?’

‘तुमी इचारलंच न्हाई,’ अंकुशमामा म्हणाले.

दोरी कप्पीवरून गेली की दोन टोकं उलटी चालतात. आडावर पाणी शेंदणारं पोरही हे सांगेल. आम्ही दोघं अभियांत्रिकी शिकवत होतो. पण सरांना शंका आली होती, पहिल्याच दिवशी आली होती, आणि ती फेडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

ते माझ्याकडे वळले. ‘मॅडम, त्या दिवशी तुमी झाकण उघडून बगितलं होतं ना?’

अंकुशमामा ऐकत होते. तासिकेवरून मला कायम करायचा कागद त्याच महिन्यात सरांच्या शिफारशीनं वर गेला होता. पण तेव्हा ते काही माझ्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं.

‘हो सर,’ मी म्हणाले.

‘आकड्याप्रमानं होतं?’

‘हो.’

सरांनी मान हलवली. बूट काढून लिंबाखाली जोडीनं ठेवले, चष्मा खिशात घातला आणि जिन्याकडे गेले. मी म्हणाले, सर, मी जाते. त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या वळणावर त्यांनी टाकीकडे तोंड केलं, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एकेक पायरी आडवे चढू लागले. डोळे मिटलेले असावेत. अंकुशमामा मागून त्यांच्या पाठीला तळवा लावून चढत होते आणि ‘आजून एक, आजून एक’ म्हणत होते. वर पोचल्यावर दोघं दिसेनासे झाले. बराच वेळ गेला. मी नोंदवही बंद केली, उघडली, बंद केली.

उतरताना सर बसून उतरले, लहान मूल उतरतं तसे. पँट मागून पांढरी झाली होती, नखांत काहीतरी भरलं होतं. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘काठोकाठ हाय.’

परतताना कपिलधारच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, चहा घेतला आणि चहा चांगला आहे असं म्हणाले. मीही चांगला आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रबंध मागं घ्यायचं पत्र लिहिलं. टाईप मी केलं. त्यात होतं, ‘पाण्याच्या पातळीची खात्री मी स्वतः केली नाही, ही चूक सर्वस्वी माझी आहे.’ दुसऱ्या कुणाचा उल्लेख नव्हता. मार्गदर्शकांचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होते, त्यांचा आवाज फोनबाहेर येत होता. गप्प बसा बागवान, कोण जाणार आहे तिथं बघायला?

‘आमी गेलतो ना सर,’ सर म्हणाले.

मापं सगळी अचूक होती. आकडे उलटे करून मांडली की झालं. सरांनी एका दुपारी मांडून पाहिली. भरलेली टाकी सावकाश, रिकामी भरभर, पुस्तकात आहे तसं तंतोतंत. ‘तीन वर्सांत आमी सिद्ध केलं की भरलेली घागर जड असती,’ ते म्हणाले आणि वही कपाटात ठेवली. अब्बांना त्यांनी रविवारी गाड्यावर सांगितलं. अब्बा म्हणाले, ‘अच्छा. वो पपई उतार पहले.’ हे सरांनीच आम्हाला सांगितलं, हसत. विभागात सगळे हसले.

मी कायम झाले. सर आणखी सहा वर्षं होते, त्याच पदावर, आणि निवृत्त झाले. माझ्याशी कधी वेगळं वागले नाहीत. सकाळी ‘काय मॅडम, बरं हाय ना?’, डब्यातली अर्धी चपाती पुढं सरकवणं, सगळं तसंच. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. मला काही वाटेनासं झालं होतं. घरी आई आजारी होती, ती गेली, तेव्हाही मी सगळं व्यवस्थित केलं. लोक म्हणायचे खंबीर आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी पीएचडी झाली, वेगळ्याच विषयावर. पेढे घेऊन मी सरांकडे गेले. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, बैठकीत पलंगावर बसले होते. खूश झाले. विषय विचारला, परीक्षक कोण होते ते विचारलं, मापं कुणी घेतली ते विचारलं. मी म्हणाले, मीच घेतली. मग मी इतकी वर्षं न काढलेला विषय काढला.

‘सर, त्या टाकीचं झाकण…’

‘रंग होता त्याच्यावर,’ सर म्हणाले. ‘चारी कडंनं. नखांनी न्हाई निघाला, अंकुशनं व्हॉल्वच्या चावीनं खरवडला तवा उघडलं. रंग दिल्यापासून कुनी उघडलंच न्हवतं.’

म्हणजे खाली उतरायच्या आधीच त्यांना माहीत होतं. फाट्यावर चहा पिताना, पत्र सांगताना, सहा वर्षं रोज सकाळी बरं हाय ना विचारताना.

‘मी तेव्हाच सांगायला हवं होतं,’ मी म्हणाले.

सरांनी पेढ्यांचा पुडा पलंगावर ठेवला. मग म्हणाले, ‘पहिल्या दिवशी न्हाई उघडलं, ते जाऊ द्या. वारं होतं, जड होतं. पन त्या दिवशी मी तुमाला परत विचारलं, अंकुशच्या समोर. ते विचारायला नको होतं मी. चारचौघांत विचारलं की माणूस हो म्हणतो, दुसरं काय म्हणंल? गुपचूप वर जाऊन बगायचं होतं. तुमाला दुसऱ्यांदा खोटं बोलायला मी लावलं. लई दिवस डोक्यात हाय ते, मॅडम.’

मी माफी मागायला गेले होते. शब्द जुळवूनही नेले होते. ते कुठं गेले कळलं नाही, आणि सर तर जणू माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हणाले, ‘असू द्या सर.’ मीच म्हणाले, त्यांना.

‘चला, दिवस मावळायच्या आत निघा,’ ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. उंबऱ्याबाहेर माझी एक चप्पल उलटी पडली होती. सरांना ती कशी दिसली कोण जाणे. ते वाकले, चाचपडत ती सुलटी केली, दुसरीच्या शेजारी नीट लावली, दोन्हींची तोंडं रस्त्याकडे करून. मी हातात पर्स घेऊन उभी होते. मी त्यांना वाकू दिलं.